एकशे एकोणपन्नास कवट्या

बर्लिन, १६ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आपल्या मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका इरावतीबाई कर्वे जिथं डॉक्टरेटला शिकल्या ती इमारत बघून आले एकदाची. दर फोनला तू विचारायचीस आणि मी पुढच्या शनिवारवर ढकलायचे. आता गेले, पण जे पाहिलं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. शिवाय तुझ्याशी थोडं भांडायचंही आहे, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून पत्र.

पत्ता आहे इन्हेश्ट्रासे २२, डालेम. मोठी झाडं, बंगले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपला जुना प्रभात रोडच समज. इमारतीत आता फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आहे. दाराशी सायकली लावलेल्या, भिंतीवर कसल्याशा सभेची पत्रकं. आणि दाराजवळ एक पाटी. १९२७ ते १९४५ या काळात इथं कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती आणि तिच्या संचालकांनी नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवला, असं तीवर लिहिलंय. पहिले संचालक ऑयगेन फिशर. तेच बाईंचे मार्गदर्शक. पुढं १९३३ साली ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले, आणि त्यांच्यानंतरच्या संचालकाच्या काळात नाझी डॉक्टर मेंगेले आउश्वित्सच्या छळछावणीतून या इमारतीत कैद्यांच्या शरीराचे नमुने पाठवत होता. बाई आल्या १९२८ मध्ये आणि १९३० साली डॉक्टरेट घेऊन निघाल्या. पण पाटी वाचल्यावर ते आधीचं-नंतरचं असं वेगळं ठेवता येत नाही गं. जिना तोच.

तुला ठाऊक असलेलंच थोडं पुन्हा सांगते, कारण हे पत्र सोनू वाचेल आणि तिला कर्वे म्हटलं की फक्त कर्वे रोड आठवतो. इरावतीबाईंचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशात मिंजानला. वडील करमरकर तिथं नोकरीला होते, आणि तिथल्या इरावती नदीचं नाव मुलीला ठेवलं. सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेत आल्या, रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए., मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली एम. ए., आणि लग्न महर्षी कर्व्यांच्या मुलाशी, दिनकररावांशी. जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा विरोध कोणी केला? महर्षींनी. ज्यांनी १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं त्यांनी! दिनकरराव स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले. त्यांनी बायकोचं जाणं नक्की केलं, आणि पैसे उभे राहिले ते जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून. गंमत म्हणजे १९२९ साली महर्षी स्वतःच जगप्रवासात बर्लिनला येऊन आइन्स्टाइनना भेटून गेले.

आता कवट्यांचं. फिशरसाहेबांचं म्हणणं असं होतं, की युरोपीय माणसाची कवटी उजव्या-डाव्या बाजूंना सारखी नसते, एक बाजू किंचित मोठी असते, आणि त्याचा संबंध तर्कबुद्धीशी आहे. इतर वंशांत हा फरक तसा दिसायचा नाही. हे मोजून सिद्ध करायचं काम पुण्याहून आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला दिलं. तिनं १४९ कवट्या मोजल्या. त्या संग्रहात आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून उचलून आणलेल्याही होत्या. त्या कुणाच्या, कशा आल्या, हे तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. मोजून झाल्यावर तिनं लिहिलं, की फरक आहे, पण तो सगळीकडेच आहे. वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही.

परक्या देशात, परक्या भाषेत, डोक्यावर कर्ज, सासऱ्यांची नाराजी, आणि ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच्या सिद्धांताच्या उलट निष्कर्ष. थोडे आकडे इकडेतिकडे केले असते तर कुणाला कळणार होतं? मला बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. स्कूटर नव्हे. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई, कुंकू-मंगळसूत्र नाही, नवऱ्याला नावानं हाक मारायची, हे सगळं सांगायला रंगतदार आहे, आणि पुण्यात अजून तेवढंच सांगतात. डेक्कन कॉलेजात त्यांनी तीस वर्षं काय केलं ते विचारलं की लोक चहा मागवतात.

आणि इथंच आपलं भांडण. बाईंचा ‘परिपूर्ती’ हा लेख तू वर्षानुवर्षं वर्गात शिकवलास. सभेत बाईंची ओळख करून देतात ती महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी म्हणून, आणि मग रस्त्यात पोरं मुलाचं नाव घेऊन त्याची आई म्हणून दाखवतात तेव्हा त्यांना वाटतं की आता ओळख पुरी झाली. तू सांगायचीस, बघा, एवढी विदुषी, पण शेवटी आईपणच मोठं. माझ्या लग्नानंतर तर हा लेख तू माझ्यावर शस्त्रासारखा वापरलास, नाही म्हणू नकोस.

इथं पाळणाघराच्या दारात मलाही सगळे मुलीच्या नावानंच ओळखतात. छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच दारातून मी ऑफिसला पळते आणि तिथं माझं नाव मला परत मिळतं. मला वाटतं तो लेख बाईंनी ओठ दाबून हसत लिहिलाय. मोठमोठ्या माणसांची नावं लावून सभेत ओळख करून देतात, आणि ती सगळी नावं चार शाळकरी पोरं एका वाक्यात पुसून टाकतात, ही त्यातली मजा. विठोबाला बॉयफ्रेंड म्हणणारी बाई आहे ती, आई. तिचा शब्द इतका सरळ कसा घेतेस?

दुसरा पुरावा देते. कोयना धरणानं उठवलेल्या लोकांचं पुढं काय झालं, याची पाहणी १९६९ साली छापली गेली. लेखिका दोन, इरावती कर्वे आणि जाई निंबकर. मायलेकी. जमिनी कुठं मिळाल्या, कशा मिळाल्या, गाव कसं विस्कटलं, याची नोंद. तिथं प्राध्यापक कुठं संपते आणि आई कुठं सुरू होते ते दाखव मला. धाकटी मुलगी गौरी देशपांडे तर आईपेक्षाही बिनधास्त लिहू लागली. अशा घरात आईपण म्हणजे पोळ्या लाटून वाट बघत बसणं नसणार.

बाईंचं सगळंच मला पटतं असं नाही. कवट्यांनी जे सांगितलं ते ऐकूनही मोजपट्टी त्यांनी सोडली नाही. महाराष्ट्रातल्या जातीजातींची डोकी, नाकं, उंची त्या कित्येक वर्षं मोजत राहिल्या. त्या दाराशी उभं राहिल्यावर हे जरा बोचतं. पण मोजून त्या पोचल्या कुठं? एका नावाखालच्या पोटजाती मुळात एकच होत्या आणि पुढं फुटल्या असं नाही, वेगवेगळे गट शेजारी येऊन बसलेत, असं त्यांनी मांडलं. ते घुर्यांना, म्हणजे आणखी एका गुरूला, पटणारं नव्हतं. ही खोड जुनीच म्हणायची.

आणि वारीत चालताना दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवायला बसतात, हे मोजपट्टीशिवायच दिसलं त्यांना, आणि खुपलं. तो लेख तू वर्गात कधी घेतलास का? मला आठवत नाही. अभ्यासक्रमात नव्हता, असं म्हणशील.

बाई ११ ऑगस्ट १९७० ला गेल्या, पासष्टी गाठायच्या आतच. तू तेव्हा शाळेत असशील. त्या दिवशी पुण्यात काय बोललं गेलं, काही आठवतं का? आजोबांनी काही सांगितलं होतं का? ते लिही.

ऑक्टोबरात मिलिंदकाका येतायत. त्यांच्याबरोबर भाजणीपेक्षा तुझी ‘परिपूर्ती’ पुस्तकाची प्रत पाठव, पेन्सिलीच्या खुणांसकट. नवीन विकत घेऊन पाठवू नकोस. तू कुठं कुठं रेघा मारल्यास ते मला बघायचंय, म्हणजे पुढचं भांडण नीट करता येईल. भाजणी जागा उरली तर.

बाबांना नमस्कार. सोनूला म्हणावं, जर्मन शिकायची असेल तर आधी माझ्या मेलला उत्तर दे.

तुझी,
अनू