गाडीचा गंज फक्त दिसण्यापुरता नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी भाचा घरी आला, गाडी जिन्याखाली लावली आणि वर न येता खालूनच हाक मारली, मामा जरा खाली ये ना, हे बघ काय झालंय. मी चष्मा घेऊन उतरलो आणि गाडीपाशी खालीच बसलो. हँडलच्या क्रोमवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके, बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. स्पोक जिथे रिममध्ये जातात तिथे प्रत्येक निपलभोवती, म्हणजे स्पोक आवळायच्या नटाभोवती, गंजाची बारीक अंगठी. सायलेन्सरच्या वेल्डिंगच्या सांध्यावर नख मारलं तर पापुद्रा सुटून हातात आला. इंजिनच्या कव्हरवर वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, तसंच चकचकीत पण त्याच्या खाली पांढऱ्या रेघा, लाकडात कीड फिरते तशा वाकड्यातिकड्या पसरलेल्या. गाडी २०२४ च्या दसऱ्याची. म्हणजे एकच पावसाळा खाल्लेली, पुरात एकदाही न गेलेली, रोज रात्री सोसायटीच्या पत्र्याखाली उभी राहणारी.

सर्व्हिस सेंटरला त्याने दाखवलं तर तिथला पोरगा म्हणाला, भाई आ तो कॉस्मेटिक छे, वॉरंटीमां नहीं आवे. पुस्तक काढून दाखवलं, खरंच बारीक अक्षरात लिहिलंय की गंज, रंग उडणं, प्लेटिंग, म्हणजे वर चढवलेला धातूचा पातळ थर, जाणं हे वॉरंटीत धरलं जाणार नाही. वर सल्ला दिला की घरी आणखी जपून ठेवा. भाच्याला वाटलं आपलंच चुकलं, आणि याच गोष्टीचा मला राग आला म्हणून हे पत्र लिहितोय.

मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, प्लेटिंगच्या शॉपमध्ये सव्वीस वर्षं काम केलंय, शेवटची नऊ वर्षं सुपरवायझर म्हणून. सायकलचं हँडल, स्कूटरचा बंपर, नळाची तोटी, सगळं या हातांनी टाकीत घालून काढलंय. म्हणून एक गोष्ट सांगतो जी दुकानात कोणी सांगत नाही. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो थर फार पातळ असतो, साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड धरतात, त्यावरून अंदाज करा. क्रोम फक्त निळसर चकाकी देतं आणि ओरखडे येऊ देत नाही. लोखंडाला खरं वाचवतं ते त्याच्या खालचं निकल. आता निकलचं असं आहे की टाकीत मिनिटाला पाऊण ते एक मायक्रॉन चढतं. बाहेर उन्हापावसात राहणाऱ्या वस्तूला पंचवीस-तीस मायक्रॉन चढवायचं, तेही दोन थरात, खाली कमी चमकीचं सेमी-ब्राइट आणि वर चमकीचं ब्राइट, तर जॉब, म्हणजे प्लेटिंगला घातलेली वस्तू, अर्धा तासाच्या वर टाकीत राहायला पाहिजे. तोच जॉब दहा मिनिटांत काढला तर सात-आठ मायक्रॉन बसतं. आणि चमक? चमक दोन्हीची अगदी सारखी. शोरूमच्या दिव्याखाली तीस मायक्रॉनवालं हँडल आणि आठ मायक्रॉनवालं हँडल शेजारी शेजारी ठेवा, मी सव्वीस वर्षं हेच काम केलेला माणूस, मलाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. फरक कळतो तो पहिल्या पावसाळ्यानंतर.

कारण पातळ निकलमध्ये सुईच्या टोकाहून बारीक भोकं राहतात. पाणी त्या भोकातून खाली लोखंडापर्यंत पोचलं की लोखंडच आधी खाल्लं जातं, निकल तसंच राहतं, म्हणून वरून सगळं चकचकीत आणि मधेच तपकिरी ठिपका. जस्ताचं बरोबर उलटं आहे, बोल्टवर जस्त चढवलं असेल तर आधी जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, ते संपलं की मग गंज. म्हणजे दोन्हीकडे प्रश्न एकच, थर किती जाड दिलाय. ही काही नव्याने शोधायची गोष्ट नाही, निकल-क्रोम प्लेटिंगसाठी आपलं भारतीय स्टँडर्ड आहे, आयएस १०६८, वस्तू घरात वापरायची की बाहेर, त्यावर थर किती पाहिजे ते त्यात ठरवून दिलंय. मिठाच्या फवाऱ्याची टेस्टही आहे, पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ डिग्रीच्या पेटीत वस्तू ठेवायची आणि किती तासांनी गंज दिसतो ते मोजायचं. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांना हा तासांचा आकडा ड्रॉइंगवरच लिहून येतो. मग तो आकडा गिऱ्हाइकाला का सांगत नाहीत? मायलेज सांगता, सीसी सांगता, टाकीत किती लिटर बसतं ते सांगता, तसं हँडलला किती तास आणि सायलेन्सरला किती तास हेही छापा. गिऱ्हाईक लाखाच्या वर पैसे मोजतो.

आता कोणी म्हणेल ठिपके पडले तर पडले, गाडी तर चालते. नाही, हे कॉस्मेटिक नाहीच. रिम आतून गंजली की तिची खरखर ट्यूबला घासते आणि पंक्चरवाल्याकडे दर महिन्याला फेरी. स्पोकचा निपल गंजून जाम झाला की चाक आउट, म्हणजे वाकडं, झाल्यावर सरळ करता येत नाही, स्पोक तुटतो. साइड स्टँडच्या स्प्रिंगचा हुक गंजून तुटला तर स्टँड चालत्या गाडीत खाली येतं. पेट्रोलच्या टाकीची तळाची शिवण आतून गंजली तर तो चुरा इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातो, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली बसतं, नेमकं त्या शिवणीवरच. यातलं नुसतं दिसण्यापुरतं काय आहे ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

पण कंपनीला बोलतो तसं आपल्या लोकांनाही दोन गोष्टी सांगायला पाहिजेत कारण त्या मी रोज बघतोय. आपल्या जुन्या बडोद्यात, दांडिया बाजार काय, वाडी काय, घराला पार्किंग नाही, गाडी जिन्याखाली. आणि त्याच जिन्याखाली संडास धुवायच्या ॲसिडची बाटली, बूच अर्धवट लावलेलं. त्या ॲसिडची वाफ रात्रभर निघत असते आणि बंद जागेत ती सगळ्या लोखंडावर जाऊन बसते. भाच्याच्या आधी माझ्या स्वतःच्या शेजाऱ्यांची गाडी अशीच गेली, चेन एका महिन्यात लाल झाली, ते बिचारे कंपनीला दोष देत होते, मी बाटली उचलून गच्चीत नेऊन ठेवली. ज्यांच्याकडे असं असेल त्यांनी हे पत्र वाचून झाल्यावर आधी बाटली हलवा.

दुसरं म्हणजे दसऱ्याची पूजा. पूजा करावीच, मीही करतो. पण झेंडूचा हार लोखंडी तारेने हँडलला बांधतात आणि तो आठवडाभर तसाच, खाली ओरखडे पडतात, ओल धरते. नारळाचं पाणी रिमवर उडालेलं तसंच सुकतं. लिंबू-मिरची पुढच्या मडगार्डला बांधतात, लिंबाचा रस ठिपकून ठिपकून त्याच जागी, लिंबात ॲसिडच आहे ना शेवटी. हार सुती दोऱ्याने बांधा, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्या, लिंबू सुकायच्या आत काढा. आणि वडाखाली गाडी लावणाऱ्यांनी साळुंक्यांची घाण उन्हात भाजू देऊ नये, भिजवून मऊ करून मगच काढावी, कोरडी खरवडली तर रंगही सोबत निघतो.

धुण्याचंही तसंच. भांडी घासायची पावडर किंवा कपड्याचा सोडा गाडीला लावू नका, ॲल्युमिनिअमला सोडा चालत नाही, इंजिनचं कव्हर काळंपांढरं पडतं ते त्यानेच. वॉशिंगवाल्याला सांगा की प्रेशरची गन चाकाच्या हबवर, चेनवर आणि टाकीच्या झाकणावर धरू नको. टाकीच्या झाकणाभोवती एक बारीक भोक असतं पाणी खाली जायला, ते मातीने बुजलं की झाकणाभोवती पाणी साचतं आणि आत उतरतं, ते बारीक तार घालून मोकळं ठेवा. बोअरच्या पाण्याने धुतलं तर तसंच उन्हात सुकवू नका, क्षार राहतात, फडक्याने पुसा. आणि धुऊन झाल्यावर गाडी दोन मिनिटं चालू करून बंद करू नका, एक चक्कर मारून आणा. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, लिटरभर पेट्रोलला जवळपास लिटरभर पाणी, सायलेन्सर तापला नाही तर ते आतच राहतं आणि आतून खातं. रोज फक्त कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जाणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर म्हणूनच आधी कुजतात.

आता ठिपके पडलेच आहेत त्याचं काय करायचं. भाच्याबरोबर बसून त्या रविवारी केलं तेच सांगतो. क्रोमवर तारेची घासणी अजिबात नको. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनिअमची फॉइल घ्या, चुरगळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा, ॲल्युमिनिअम क्रोमपेक्षा मऊ आहे म्हणून क्रोमवर ओरखडा येत नाही आणि गंज निघतो. करडा चिखल सुटतो, तो पुसा, पुन्हा घासा. आम्हाला दोन्ही बाजूंच्या हँडलला अर्धा तास लागला. शेवटी कोरडं करून मेणाचं पॉलिश. ठिपक्याच्या जागी बारीक खड्डा राहतोच, गेलेलं निकल काही परत येत नाही, म्हणून पावसाळ्यात ते मेण दर पंधरा दिवसांनी लावावं लागणार. चेसिसवर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, स्टँडवर, जिथे रंग उडालाय तिथे मात्र रंगाच्या कडा फुगलेल्या दिसतात त्याच्या पलीकडे बोटभर जाऊन पॉलिश पेपरने घासायचं, पांढरं लोखंड दिसेपर्यंत, थिनरने पुसायचं, फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावायचं, डब्यावर लिहिलंय तितकं सुकू द्यायचं, मग प्रायमर, एक रात्र, मग रंग. हे काम दिवाळी ते होळीच्या मधे करा, दमट हवेत केलेलं टिकत नाही. आणि गंज काढायला संडासचं ॲसिड वापरू नका. आम्ही शॉपमध्ये पिकलिंगला, म्हणजे प्लेटिंगआधी गंज काढायला, तेच वापरायचो पण लगेच धुवायला दोन टाक्या, सोड्याची एक टाकी आणि त्यानंतर प्लेटिंग. घरी ते भोकांत राहतं आणि संध्याकाळपर्यंत नवीन गंज. स्प्रिंगला किंवा जास्त ताकदीच्या बोल्टला लावलं तर ते ठिसूळ होऊन तुटू शकतात, तिथे तर हातही लावू नका.

हे सगळं नुसतं भाच्याच्या गाडीपुरतं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्या वर गेलं, कारेलीबागेत ताईच्या घरी खालच्या मजल्यावर पाणी, भाच्याची जुनी स्कूटर पूर्ण बुडाली, म्हणून तर ही नवी घेतली. त्या पुरानंतर शहरात हजारो गाड्या गॅरेजना गेल्या आणि पुष्कळ ठिकाणी काय झालं तर चिखल धुतला आणि गंजावरच काळा स्प्रे मारला. गिऱ्हाइकाला गाडी नव्यासारखी दिसली, पैसे दिले. पुढच्या पावसाळ्यात त्याच रंगाला फोड आले, फोडाखाली पत्रा जाळीसारखा. गॅरेजवाल्या भावांना हात जोडून सांगतो, घासायचे पैसे वेगळे मागा, लोक देतील, पण गंजावर रंग मारू नका.

माझं मागणं फार मोठं नाही. एक तर वॉरंटीतून गंज सरसकट वगळणं बंद व्हावं. परदेशात चारचाकीच्या पत्र्याला गंजून भोक पडणार नाही अशी बारा-बारा वर्षांची हमी मिळते, इथे दुचाकीच्या चेसिसला, टाकीला आणि रिमला निदान पाच वर्षं द्या. आणि दुसरं आपल्याच शहराकडे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं, कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. त्याच कलाभवनाची आज युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, तिथे मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, शिकवतात. एक्सआरएफ म्हणजे क्ष-किरणांच्या मशीनवर पार्ट न कापता, न खरवडता थराची जाडी मोजता येते. वर्षातून एक दिवस मुलांनी लोकांच्या गाड्यांचे पार्ट मोजावे आणि आकडे आपल्यासारख्या पेपरांनी छापावे. मुलांचा प्रोजेक्ट होईल आणि गिऱ्हाइकाच्या हातात आकडा येईल. मी स्वतः दिवसभर येऊन बसायला तयार आहे.

ज्यांच्या गाडीला असं झालंय त्यांनी तोंडी तक्रार करून परत येऊ नये. फोटो काढा, तारीख दिसेल असे, आणि जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर, गंजाची तक्रार लिहून घ्या, लिहीत नसतील तर ईमेल करा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात वस्तूच्या दर्जातली कमतरता म्हणजे दोषच धरलाय आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर आधी फोन करता येतो. भाच्याने सोमवारी जॉब कार्डवर लिहून घेतलं, सोबत मी माझ्या अक्षरात एक पान जोडलंय, कुठल्या पार्टवर काय दिसतंय आणि का. कंपनीकडून काय उत्तर येतं ते आलं की पुन्हा कळवतो.

आपला,
एक निवृत्त प्लेटिंग सुपरवायझर
दांडिया बाजार, बडोदे