घॉन फोकस शेंड्यावर नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

क्षयरोग दिनाच्या पुरवणीत छापलेल्या फुप्फुसाच्या चित्रात बाण थेट उजव्या शेंड्यावर रोखून खाली ‘घॉन फोकस’ (क्षयाची फुप्फुसातली पहिली गाठ) असे लिहिले आहे. बाणाची जागा चुकली आहे. एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेतही मुले हेच उत्तर ठोकून देतात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

क्षयाचे जंतू पहिल्यांदा श्वासावाटे आत शिरतात तेव्हा जिकडे हवा जास्त खेळते तिकडे, म्हणजे फुप्फुसाच्या मधल्या आणि खालच्या भागात जातात. त्यामुळे पहिली गाठ बहुधा वरच्या खंडाच्या तळाशी किंवा खालच्या खंडाच्या माथ्याशी, फुप्फुसावरणाला अगदी लागून बसते. आकार साधारण एक ते दीड सेंटिमीटर. हा घॉन फोकस. तिथून जंतू लसिकावाहिन्यांतून फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) उतरतात आणि त्याही सुजतात. गाठ आणि ग्रंथी मिळून घॉन कॉम्प्लेक्स. मोठ्या माणसाच्या शेंड्यावर दिसतो तो क्षय बहुतेकदा जुना, दबलेला आणि पुन्हा उफाळलेला. तिथे प्राणवायू भरपूर आणि लसिकेचा निचरा कमी, म्हणून जंतूंना ती जागा मानवते.

अँटोन घॉन (जर्मन उच्चार ‘गोन’च्या जवळचा, पण परळमध्ये तसे म्हटले तर कोणाला कळायचे नाही) यांचा जन्म 1866 सालचा, ऑस्ट्रियातील फिलाखचा. वैद्यकीय शिक्षण ग्राझमध्ये, उमेदवारी व्हिएन्नात विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) वाइक्सेलबाउम यांच्या हाताखाली आणि 1910 पासून प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्राध्यापकी. बालकांच्या फुप्फुसातील पहिल्या गाठीवरचे त्यांचे पुस्तक 1912 चे. श्रेय एकट्या त्यांचे मात्र नव्हे. पॅरिसमध्ये पारो यांनी 1876 मध्ये आणि क्यूस यांनी 1898 मध्ये जवळपास हेच सांगितले होते. घॉन यांनी ते एकामागून एक शवविच्छेदने करून पक्के केले.

त्यांची शवविच्छेदनाची पद्धतच त्या कामाला सोयीची होती. त्यांच्या आधीचे विकृतिशास्त्रज्ञ फिरखो एकेक अवयव सुटा काढत; रोकिटान्स्की अवयव शरीरात जागेवरच चिरत. घॉन यांच्या पद्धतीत अवयवांचे जुडगे निघतात: मान आणि छाती मिळून एक, यकृत-जठर-प्लीहा-स्वादुपिंड दुसरे, मूत्रपिंडे आणि जननेंद्रिये तिसरे; आतडी आधीच वेगळी करून ठेवायची. छातीचे जुडगे अखंड असले की शोध उलट दिशेने घेता येतो. आधी मुळाशी असलेल्या ग्रंथी चिरायच्या. आत चक्क्यासारखा पांढुरका, कोरडा भाग दिसला की ती ग्रंथी ज्या खंडाचा निचरा घेते तो खंड बोटांनी चाचपायचा आणि मग पातळ काप घ्यायचे. जाड काप घेतले की वाटाण्याएवढी गाठ दोन कापांच्या मध्ये राहून जाते आणि ‘गाठ सापडली नाही’ असा शेरा पडतो. जुन्या गाठीत चुना साठलेला असेल तर सुरीच खर्रकन अडते. फुप्फुस आधीच सुटे करून दुसऱ्या ताटात ठेवले असेल, तर ग्रंथी कुठल्या खंडाची यावरच वाद घालत बसावे लागते.

पुरवणीत यायला हवी होती आणि आली नाही अशी गोष्ट म्हणजे हे गृहस्थ मुंबईत येऊन गेले आहेत. 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर 1897 मध्ये व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने जे पथक पाठवले त्यात घॉन, आल्ब्रेख्त, म्युलर आणि प्योख होते. काम चालले ऑर्थर रोडच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात. म्युलर रुग्ण तपासत. घॉन आणि आल्ब्रेख्त शवविच्छेदन व जंतुपरीक्षा करत. इथून नेलेल्या जंतूंवर व्हिएन्नात प्रयोग सुरू राहिले आणि ऑक्टोबर 1898 मध्ये प्रयोगशाळेतला परिचर बारिश फुप्फुसाच्या प्लेगने गेला. पाठोपाठ त्याच्यावर उपचार करणारे म्युलर आणि परिचारिका पेखा. गाठीचा प्लेग सहसा पिसवांतून पसरतो, फुप्फुसाचा मात्र खोकल्यातून थेट समोरच्याकडे जातो.

शेवटी एक्स-रेबद्दल, कारण तुमच्या वाचकांच्या हातात तोच असतो. ताजी पहिली गाठ त्यात बरेचदा दिसतही नाही. मुलांमध्ये आधी नजरेत भरते ती मुळाशी फुगलेली ग्रंथी. उलट बरी झालेली, चुना साठलेली गाठ पांढऱ्याशुभ्र ठिपक्यासारखी उठून दिसते आणि रिपोर्टात ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ वाचून घरात रडारड होते. एकटा तो ठिपका म्हणजे चालू क्षय नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा वजनात घट असेल तर एक्स-रेत ठिपका असो वा नसो, बेडका तपासून घ्यावा.

दुरुस्ती छापताना बाण शेंड्यावरून खाली, मधल्या भागात फुप्फुसावरणालगत घ्यावा आणि फुप्फुसाच्या मुळाशी ग्रंथीही काढावी.

— विकृतिशास्त्राचे काही निवृत्त अध्यापक, परळ, मुंबई