उजवीकडची खिडकी

घोडबंदर रोड, ठाणे

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुढच्या आठवड्यात तुम्ही सांगलीहून इथे याल तेव्हा सामानाच्या गडबडीत हे बोलायचे राहून जाईल, म्हणून आधीच लिहितो. ताईकडे लंडनला जाण्याच्या विमानात मी उजवीकडची खिडकी आणि तिच्या शेजारची जागा घेतली आहे. दुपारी निघून विमान वायव्येकडे जाते, त्यामुळे ऊन डावीकडून येते आणि उजवीकडचे खालचे जग स्वच्छ दिसते. जेवणानंतर सगळे खिडक्यांच्या झडपा ओढून झोपतात. तुम्ही मात्र थोडी फट उघडी ठेवा. वाट परिस्थितीप्रमाणे बदलते, पण गेल्या वर्षी मी इराणवरून गेलो होतो.

बाबा, समुद्र संपून इराणचे तपकिरी पठार लागले की डोंगराच्या पायथ्यापासून एखाद्या हिरव्या गावापर्यंत रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सरळ ओळ दिसते का, ते पाहा. ती कनात, आपल्या मांडवाची कनात नव्हे, तर जमिनीखालचा पाट. पायथ्याशी खोल विहीर खणून तिथले भूजल अगदी मंद उताराच्या बोगद्यातून कित्येक किलोमीटर दूरच्या शेतापर्यंत आणतात, आणि ते ठिपके म्हणजे बोगदा खणताना माती वर काढण्यासाठी व हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या विहिरींची तोंडे. उपसा नाही, पंप नाही, आणि पाणी झाकलेले असल्याने बाष्पीभवनही अत्यल्प. मलिक अंबरची औरंगाबादची नहर याच तत्त्वावरची आहे. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेल्या माणसाने हे वरून एकदा पाहावे, असे मला फार वाटते.

त्याच मुलखातल्या यझदच्या अग्निमंदिरातला अग्नी इसवी सन ४७० च्या सुमारापासून तेवत असल्याचे सांगतात. टेंभीनाक्याच्या अग्यारीवरून जाताना आता मला ते आठवते.

आई, तुझ्यासाठीची जागा त्याच्याही पुढे आहे. कास्पियन समुद्रात चोचीसारखा घुसलेला भूभाग दिसला की ते बाकू. त्याच्या जवळ सुराखानी येथे जमिनीतून येणाऱ्या वायूमुळे ज्वाला आपोआप जळत असत, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत तिथे व्यापारासाठी गेलेल्या हिंदुस्थानी लोकांनी त्या ज्वालेभोवती मंदिर उभारले. त्याला आतेशगाह म्हणतात. १९६९ मध्ये ती नैसर्गिक ज्वाला विझली आणि आज नळाने आणलेल्या वायूवर अग्नी पेटता ठेवतात. पण भिंतींत बसवलेले देवनागरी आणि गुरुमुखी शिलालेख अजून आहेत. त्यांतला एक संवत १८०२चा, म्हणजे इसवी सन १७४५चा आहे. घरापासून इतक्या दूर, परक्या मुलखात दगड कोरायला बसलेल्या त्या माणसाने सुरुवात आपण करतो तशीच केली आहे : श्री गणेशाय नमः.

त्याचे छायाचित्र मोठे छापून पासपोर्टच्या पिशवीत ठेवले आहे. अक्षरे झिजली आहेत, पण तुला वाचता येतील. बाकूनंतर बराच वेळ उजवीकडे कॉकेशसचे बर्फ दिसत राहील. तेव्हा बाबांना खिडकीशी बसू दे.

तुमचा,
बाळू