मिरजेच्या तंबोरेवाल्या चाचांचे जाहीर आभार

आदरणीय चाचा,

सादर सलाम.

महाराष्ट्र सोडून दिल्ली, बंगळूर, कोलकाता अशा शहरांत स्थायिक झालेल्या आम्हा गाणाऱ्यांचं हे पत्र. फोनवरून, कधी व्हिडिओवरून, तुम्ही आमचे तंबोरे आमच्याच हातून सुधारून घेतलेत. त्याचे पैसे तुम्ही घेत नाही, तेव्हा निदान चारचौघांत आभार मानू द्या.

‘तुमच्या गाण्यात महाराष्ट्र कुठे आहे?’ असं परराज्यात कुणी आम्हाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: अभंग आणि नाट्यपदं. ते खरं आहे, पण चांगला अभंग कुठलाही तयार गायक बसवू शकतो. ज्या तंबोऱ्यावर कान घडला त्याचा गंधार (‘ग’ हा स्वर) मात्र गळ्यात मुरलेला असतो. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’च्या, तारेतून जो स्वयंभू, आपोआप उमटणारा गंधार येतो तो षड्जापासून (‘सा’पासून) ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सुरांतलं अंतर मोजायचं बारीक माप), आणि बहुतेक पेट्यांचा, म्हणजे हार्मोनियमचा, ४०० वर. तंबोरा बिघडून कोपऱ्यात पडला की रियाझ पेटीवर किंवा मोबाइलवर सुरू होतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज धड ऐकूच येत नाही, मग गळा पेटीच्या गंधाराला धरून चालू लागतो. गाणाऱ्याला ते जाणवत नाही. जाणत्या श्रोत्याला भूप रागाच्या पहिल्या आलापात जाणवतं. आमचा तो गंधार तुम्ही टिकवलात.

तुमचा क्रम आता आमच्या बोटांत बसला आहे. आधी तारांखालचे सगळे दोरे काढायचे. तारांत ओवलेले मणी घोडी (जिच्यावरून तारा जातात ती पट्टी) आणि लंगोट (तारा जिथे अडकवतात ते खालचं टोक) यांच्या मध्यावर आणायचे, म्हणजे पुढे सूर चढवायलाही जागा राहते आणि उतरवायलाही. खुंटीने जोड (मधल्या दोन ‘सा’च्या तारा) मिळवायची, मग पंचम, शेवटी खर्ज. बारीक फरक मण्याने काढायचा: लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे नेला की उतरतो. त्यानंतरच दोरा. साधा सुती, तारेखाली घोडीच्या पाठीवर, तार छेडत छेडत केसाकेसाने सरकवायचा. आवाज एका जागी फुलतो आणि जरा पुढे गेलं की चिरका किंवा मुका होतो. ती जागा प्रत्येक तारेची वेगळी. दोरा बसला की सूर किंचित हलतो, म्हणून पुन्हा मणी. पट्टी बदलली किंवा तार जाडी बदलून घातली, तर जुनी जागा चालत नाही, सगळं पहिल्यापासून करायचं.

सगळ्यात मोलाची होती तुमची एक मनाई: घोडीला पॉलिश पेपर लावायचा नाही. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तारेखाली चर पडतात, जव्हारी (घोडीच्या पाठीची ती घडण, जिच्यामुळे तार झणकारते) बसते, म्हणजे झिजून जाते, दोरा कुठेही नेला तरी आवाज उघडत नाही. तेव्हा हात शिवशिवतात. पण घोडीची पाठ सपाट नसते. तिच्या हलक्या उतारावर तार अलगद टेकत राहते, म्हणून तर वरचे स्वर उमटतात. पेपरने तो उतारच जातो आणि मग घोडी नव्याने घडवावी लागते. ते काम तयार कानाच्या कारागिराचं.

दिल्लीच्या हिवाळ्यात हीटरने लाकूड सुकून खुंट्या सुटतात, तिथे खडूची पूड. कोलकात्याच्या पावसाळ्यात त्याच फुगून अडकतात, तिथे जोर करायचा नाही. प्रवासात तारा सैल करायच्या, पण आधी घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीची खूण करायची, कारण ती तारांच्या दाबावरच उभी असते आणि दाब गेला की सरकते. गळ्याखाली, भोपळा आणि दांडीच्या सांध्याला, मऊ आधार हवाच. तडा बहुधा तिथेच जातो.

मिरजेला हे सगळं सांगण्याचा अधिकारच आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी तिथे वाद्यं घडवायला घेतली, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा तिथे येऊन तंबोरा झाला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उत्तरेतल्या कैराना गावचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँही मिरजेतच स्थिरावले. त्यांनी मराठी पदं गायली, पण घराण्याला नाव राहिलं ते मूळ गावाचं: किराणा. त्यांच्या शिष्यपरंपरेतले भीमसेन जोशी गदगकडून पुण्याला आले. अभंग घरोघरी पोचवले आणि कन्नड दासपदंही गात राहिले. मूळ मुलूख गाण्यात कसा राहतो हे आम्ही या मंडळींकडून ऐकत आलो. तो रोजच्या रियाझात राखायचा कसा, हे तुम्ही दाखवलंत.

आमच्यातल्या दोन तंबोऱ्यांची जव्हारी आता खरोखरच बसली आहे. नुसत्या घोड्या पाठवत नाही, कारण जव्हारी त्याच वाद्यावर, त्याच तारांवर लावावी लागते, हे तुमचंच सांगणं. दिवाळीनंतर तंबोरेच घेऊन येतो. पेपर लावलेला नाही.

आपले ऋणी,
महाराष्ट्राबाहेर गाणारे आपले विद्यार्थी