खिडकीतून थेट शब्दकोशात

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

‘डीफेनिस्ट्रेशन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ तू ‘खिडकी काढून टाकणं’ असा लावलास. तर्क ठीक, पण इथे खिडकी जागेवरच राहते; बाहेर फेकला जातो तो माणूस किंवा वस्तू. लॅटिन ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी. जर्मन ‘फेन्स्टर’ही तिचंच पोर. ‘डे’ म्हणजे तिथून खाली. उच्चारताना जोर ‘स्ट्रे’वर दे.

असल्या कृतीला वेगळा शब्द लागला तो प्रागमुळे. बोहेमियातल्या (आजच्या चेक देशाचा भाग; प्राग ही त्याची राजधानी) प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांना १६०९ साली धर्मस्वातंत्र्याची सनद मिळाली होती. ती पायदळी तुडवली जाते म्हणून चिडलेले सरदार २३ मे १६१८ रोजी किल्ल्यात घुसले आणि स्लावाटा व मार्टिनिट्स या सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना त्यांनी खिडकीतून भिरकावलं. पाठोपाठ चिटणीस फाब्रिसियसही गेला. सुमारे २१ मीटर खाली पडूनही तिघे जगले! कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, उकिरड्यावर पडले. चिटणिसाला पुढे ‘फॉन होहेनफाल’ हा किताब मिळाला. आपल्याकडे ‘उंचपडकर’ म्हटलं असतं. यातून पेटलेलं युद्ध मात्र १६४८पर्यंत चाललं. प्रागमध्ये १४१९ सालीही नगरसेवकांना असंच फेकलं होतं; ते वाचले नाहीत.

आज हा शब्द बहुधा लाक्षणिक अर्थाने येतो: अध्यक्षाला, मंत्र्याला तडकाफडकी पदावरून हटवणं. मराठीत ‘उचलबांगडी’ चपखल बसते, कारण दोन्हींत दुसऱ्यांनी धरून बाहेर काढणं आहे. म्हणून निवृत्तीला किंवा स्वखुशीच्या राजीनाम्याला हा शब्द लावू नकोस. तोल जाऊन पडलेल्यालाही नाही. फेकणारा हात हवाच. शब्दाला किंचित मिश्कील छटा आहे, त्यामुळे खऱ्या दुर्घटनेच्या बातमीत तो क्रूर वाटतो.

क्रियापद ‘डीफेनिस्ट्रेट’. त्यापुढे ‘फ्रॉम द विंडो’ जोडलंस तर पिवळा पीतांबर होईल. ‘फ्रॉम ऑफिस’ चालतं, कारण तिथे कशावरून हटवलं ते कळतं. संगणकवाले विंडोज काढून दुसरी प्रणाली घालण्यालाही थट्टेने हेच म्हणतात, तेव्हा तुझा पहिला अर्थ तिथे थोडाफार खपेल.

‘फेनिस्ट्रेशन’ हा शब्दही आहे, पण तो वास्तुरचनेतला: इमारतीला खिडक्या कुठे आणि केवढ्या, याची योजना. तिथे चुकून ‘डी’ लावू नकोस.

तुझी,
आई