विषय : १२ व्होल्ट बॅटरी वारंवार उतरणे आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या इलेक्ट्रिक गाडीचा माझा वापर जवळपासच्या फेऱ्यांसाठीच आहे, दिवसाला फार तर १५ किलोमीटर. बुकिंगच्या वेळीच हे स्पष्ट सांगितले होते. तरीही चार महिन्यांत गाडी तीनदा जागची हलली नाही. तिन्ही वेळा गाडी पळवणारी मोठी बॅटरी ६० टक्क्यांच्या वर होती. उतरली होती ती १२ व्होल्टची. मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, याच १२ व्होल्टवर ओढले जातात, त्यामुळे ती बसली की सगळेच बसले.

सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर ‘कमी वापर’ एवढेच लिहून वॉरंटी नाकारली आणि आठवड्यातून एकदा ५० किलोमीटर चालवा असे सुचवले. छोट्या फेऱ्यांसाठी म्हणून विकलेली गाडी बॅटरी भरायला उगाच पळवायची?

दहा मिनिटांच्या फेरीत डीसी-डीसी कन्व्हर्टरकडून, म्हणजे मोठ्या बॅटरीतून छोटी भरणाऱ्या उपकरणाकडून, १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत फारसे काही भरले जात नाही, हे मान्य. चार्जिंगला लावल्यावरही कन्व्हर्टर चालतो, पण रोजचा खर्च जेमतेम अडीच युनिट, त्यामुळे आठवड्यातून एकदा लावणे पुरते. मूळ दोष मात्र गाडी उभी असतानाचा आहे. बॉनेट उघडे ठेवून त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केले, म्हणजे गाडीला ते लागलेलेच वाटते. मग गाडी लॉक केली, चावी लांब नेली आणि तासाभराने निगेटिव्ह केबलला डीसी क्लॅम्प मीटर लावला. करंट ०.४ अँपिअर! मोबाइल ॲपमधून लॉगआउट केल्यावर पंधरा मिनिटांत तोच ०.०३ वर आला. म्हणजे ॲपशी बोलणारे युनिट झोपतच नाही. ०.४ अँपिअर म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास. बॅटरी ४५ ची. पाचव्या दिवशी ती रिकामी होणारच. हे मोजायला आपल्या तंत्रज्ञाला अडचण काय होती, कळत नाही.

१२ व्होल्टची बॅटरी उतरू लागली की कन्व्हर्टर आपोआप सुरू व्हायला हवा. तेही सॉफ्टवेअर एकतर दिलेले नाही किंवा चालत नाही. विक्री प्रतिनिधी रेंजवर अर्धा तास बोलले, या बॅटरीबद्दल चकार शब्द नाही.

तरी त्या युनिटचे सॉफ्टवेअर दुरुस्त करावे किंवा युनिट वॉरंटीत बदलून द्यावे. बॅटरीही नवी हवी : तीनदा तळाला गेलेल्या लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेट धरते, ती पुन्हा पूर्ण भरत नाही. जुनीच चार्ज करून परत दिलेली चालणार नाही. जॉबकार्डवरचा ‘कमी वापर’ हा शेराही काढावा. मीटरच्या वाचनांचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
एक ग्राहक