मधल्या लँडिंगची उंची १८ मिमीने वाढवून जिना बिघडवल्याबद्दल तक्रार

दिनांक : १४ जुलै २०२५
रत्नागिरी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
गृह-नूतनीकरण कंपनी

विषय : प्रवेशद्वार, लँडिंग व जिन्याचे एप्रिल-मे २०२५ मध्ये केलेले सदोष काम दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

आमचे घर १९८६ साली उतारावर बांधलेले, जांभ्या दगडाचे आहे. मुख्य दार जिन्याच्या मधोमध उघडते. आत पाऊल टाकले की ६ फूट बाय ४ फुटांचे लँडिंग, म्हणजे जिन्याच्या मधला सपाट टप्पा, लागते. तिथून अर्धा जिना वर हॉलमध्ये जातो आणि अर्धा खाली खोल्यांत. दोन्ही बाजूंना ८-८ चढ (एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उभी उंची) आहेत आणि मूळ बांधकामात प्रत्येक चढ १६५ मिमी उंचीचा होता. लँडिंगवरची मोझॅक फरशी दाराजवळ तीन ठिकाणी तडकली होती, रेलिंग जुने होते आणि उजेड अपुरा होता. खर्च मर्यादित ठेवायचा असल्याने पायऱ्यांना हात न लावता त्यांची फक्त घासाई करायची, नवी फरशी लँडिंगपुरतीच बसवायची, असे ठरले. आपल्या कोटेशनमध्ये पहिल्याच ओळीत "जुनी मोझॅक फरशी काढून, मूळ लेव्हलला मॅट व्हिट्रिफाइड टाइल बसवणे" असे स्पष्ट लिहिले आहे. तोडफोड आणि राबिट (तोडफोडीचा मलबा) उचलणे यासाठी ₹४,५०० वेगळे लावले आहेत. एकूण रक्कम जीएसटीसह ₹१,१८,००० असून त्यापैकी ₹१,००,००० आपल्याला पोहोचले आहेत.

प्रत्यक्षात जुनी फरशी काढलेलीच नाही. तिच्यावरच टाइल चिकटवली आहे.

याचा पुरावा शोधायला काही तोडावे लागत नाही. खालच्या जिन्यावर चार-पाच पायऱ्या उतरून मागे वळून पाहिले की लँडिंगची कड डोळ्यांसमोर येते. त्या कडेत तीन थर उघडे दिसतात : तळाला जुन्या मोझॅकची पांढऱ्या-काळ्या खड्यांची २० मिमीची कड, तिच्यावर करड्या अॅडेसिव्हचा सुमारे ८ मिमीचा थर आणि सर्वांत वर १० मिमीची टाइल. भिंतीच्या पायथ्याशी लावलेली जुनी फरशीची पट्टी, म्हणजे स्कर्टिंगही, तशीच आहे, फक्त तिचा खालचा १८ मिमीचा भाग नव्या टाइलखाली गाडला गेला आहे. तोडफोडीचे पैसे नेमके कशाचे घेतले, हे आम्हाला कळले पाहिजे.

पैशांपेक्षा जिन्याचा प्रश्न मोठा आहे. साध्या खोलीत फरशी १८ मिमीने वर आली तर फार तर दार घासते. आमच्या लँडिंगवरून मात्र दोन जिने सुटतात. लँडिंग उचलले की वर जाणारा पहिला चढ कमी होतो आणि खाली उतरणारा पहिला चढ वाढतो. टेपने मोजलेली आजची मापे अशी : वरच्या जिन्याचा पहिला चढ १४७ मिमी, पुढचे सातही १६५ मिमी. खालच्या जिन्याचा सर्वांत वरचा चढ १८३ मिमी, बाकीचे सात १६५ मिमी. म्हणजे दाराशी उभे राहिले की एका बाजूला बुटकी पायरी आणि दुसऱ्या बाजूला खोल पायरी, आणि दोन्हींच्या शेजारची पायरी वेगळ्याच मापाची.

जिना चढताना-उतरताना माणूस पायरी बघत नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत पाय मोजमाप घेतो आणि पुढे त्याच अंदाजाने पडतो. आता खाली उतरताना टाच अपेक्षेपेक्षा १८ मिमी खोल जाते आणि तोल पुढे झुकतो. खालून वर येताना सात चढ सारखे गेल्यावर आठव्याला अंगठा लँडिंगच्या कडेला अडकतो. वर जाताना पहिली पायरी सोपी वाटते आणि दुसरीला ठेच लागते. वरून उतरणाऱ्याला लँडिंग लवकर लागते आणि गुडघ्याला हिसका बसतो. घरात वयस्कर माणसे आहेत आणि हा जिना दिवसातून वीस-पंचवीस वेळा वापरावा लागतो, कारण स्वयंपाकघर वर आणि न्हाणीघर खाली आहे.

आपल्या सुपरवायझरने सुचवलेले तीनही उपाय आम्ही मापे घेऊन तपासले. त्यांतला एकही चालणारा नाही. पहिला उपाय, सगळ्या पायऱ्यांवरही तशीच टाइल लावायची. तसे केल्यास सगळ्या पायऱ्या १८ मिमीने वर येतील, पण हॉलची फरशी आणि खालच्या खोलीची फरशी जिथे आहे तिथेच राहील. मग हॉलपाशी शेवटचा चढ १४७ मिमी होईल आणि तळाचा पहिला चढ १८३ मिमी. दोष लँडिंगपासून निघून जिन्याच्या दोन टोकांना जाईल, शिवाय खर्च आमच्या माथी. दुसरा उपाय, फरक सगळ्या पायऱ्यांत वाटून टाकायचा. १८ मिमी आठ चढांत वाटले तर प्रत्येकी सव्वादोन मिमी येतात. वरच्या जिन्यात पहिली पायरी पावणेसोळा मिमीने उचलावी लागेल, दुसरी साडेतेरा, आणि असे कमी होत शेवटची सव्वादोन मिमीने. गुळगुळीत मोझॅकवर सव्वादोन मिमीचा सिमेंटचा थर पावसाळाभरही टिकत नाही, पापुद्रे सुटतात. खालच्या जिन्यातही तेच. तिसरा उपाय, कडेला चमकणारी पट्टी चिकटवायची. पट्टीने पायरी दिसेल, तिची उंची बदलणार नाही.

टाइल मॅट न देता ग्लॉसी दिली आहे. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो. ओल्या चपला, छत्रीचे निथळणारे पाणी हे सगळे याच सहा बाय चारच्या तुकड्यावर येते आणि तिथूनच उतरता जिना सुरू होतो. मॅट हा शब्द कोटेशनमध्ये शोभेसाठी नव्हता. टाइलची कापलेली कड जिन्याकडच्या बाजूला तशीच सोडून वर पांढरे सिमेंट फासले आहे. ती कड नवव्या दिवशी दोन ठिकाणी उडाली आणि आता पायाला कापते.

टाइल चिकटवण्याची पद्धतही चुकीची आहे. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, त्यामुळे तिला पॉलिमरयुक्त अॅडेसिव्ह लागते आणि ते दातेरी थापीने पूर्ण पृष्ठभागावर पसरावे लागते. खालच्या जुन्या फरशीलाही टाचे मारून ती खरबरीत करावी लागते. इथे अॅडेसिव्हचे पाच गोळे ठेवून टाइल वर दाबली आहे. नाण्याने ठोकून पाहिले की मध्यभागी भरीव आवाज येतो आणि चारही कोपरे पोकळ वाजतात. दाराजवळच्या एका कोपऱ्यावर चपलांच्या कपाटाचा पाय आला आणि टाइल तिरपी तडकली.

दाराचे नुकसान याच चुकीतून झाले आहे. सागवानी दार आणि फरशी यांच्यात ६ मिमीची फट होती. लँडिंग १८ मिमीने वर आल्यावर दार उघडेना, म्हणून आम्हाला न विचारता दाराच्या खालच्या बाजूला रंधा मारून १८ मिमी लाकूड काढले. कापलेली बाजू पॉलिश न करता कोरी ठेवली. जूनमध्ये तिने पाणी प्यायले, खालची आडवी पट्टी फुगली आणि दार चौकटीत अडकू लागले. आता फरशी मूळ लेव्हलला आणली की खाली २४ मिमीची फट राहील. म्हणून दाराची भरपाई हा याच दुरुस्तीचा भाग धरावा.

रेलिंगबद्दल. १८ रनिंग फूट, एसएस ३०४ (३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील), दर ₹१,५०० प्रतिफूट असे कोटेशन आहे. तीन आठवड्यांत प्रत्येक जोडावर तांबूस डाग आले. आपल्या माणसाने लोहचुंबक लावून दाखवले आणि चिकटत नाही म्हणजे ३०४ आहे, असे सांगितले. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे या चाचणीतून काहीच ठरत नाही. ३०४ मध्ये साधारण ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून त्याजागी मँगनीज वाढवलेले असते. बाजारात मिळणाऱ्या टेस्ट किटचा एक थेंब पाईपवर टाकून नऊ व्होल्टची बॅटरी लावली की मँगनीज जास्त असल्यास थेंब लाल होतो. आमच्याकडे पाच ठिकाणी चाचणी केली, पाचही ठिकाणी लाल झाला. ही चाचणी आपल्या माणसासमोर पुन्हा करायला आमची तयारी आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात २०२ टिकत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

लँडिंगवरचे दोन खांब प्लास्टिकच्या प्लगमध्ये साध्या स्क्रूने बसवले आहेत आणि ते स्क्रू टाइल व अॅडेसिव्हच्या पलीकडे जेमतेम पोहोचतात. हाताने ढकलले की वरचा पाईप बोटभर हलतो. इथे स्लॅबच्या काँक्रीटमध्ये जाणारे १० मिमीचे अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट पकडणारे बोल्ट) हवेत, खांबाच्या प्रत्येक बेसप्लेटला (तळाच्या पत्र्याला) चार. जुन्या लोखंडी रेलिंगचे गज पायऱ्यांच्या पृष्ठभागाबरोबर कापून तसेच सोडले आहेत, ही त्याहून वाईट गोष्ट. गंजताना लोखंड फुगते. दोन वर्षांत हे गज आजूबाजूचे मोझॅक फोडून वर येतील. पिवळे डाग आत्ताच दिसू लागले आहेत.

दिव्याचे काम छोटे आहे, पण तेही चुकले आहे. एक दिवा तीन ठिकाणांहून लावायचा तर दोन टोकांना टू-वे आणि मध्ये इंटरमीजिएट स्विच लागतो, म्हणजे कुठल्याही बटणाने दिवा लावता-बंद करता येतो. आपल्या वायरमनने तीन साधी बटणे एकामागे एक जोडली आहेत. खालचे बटण बंद असेल तर वरच्या बटणाने दिवा लागत नाही. म्हणजे रात्री अंधारात तोच १८३ मिमीचा चढ उतरून खाली जायचे आणि मग दिवा लावायचा.

आमची मागणी दुरुस्तीची आहे. क्रम चुकला तर एकाच कामासाठी दोनदा तोडफोड होईल, म्हणून क्रमही लिहितो. आधी लँडिंगवरचे रेलिंग काढावे. मग टाइल आणि अॅडेसिव्ह लहान छिन्नीने काढावे, मोठा ब्रेकर लावू नये, कारण स्लॅब चाळीस वर्षांचा आहे. खालच्या पायऱ्यांवर आधी प्लायवूड अंथरावे. अॅडेसिव्ह सुटून जुने मोझॅक शाबूत निघाले, तर तडकलेल्या तीन फरश्या बदलून बाकीचे ८०, १२०, २२०, ३२० नंबरच्या दगडांनी घासून पॉलिश करून द्यावे. आम्हाला ते चालेल आणि आपलाही टाइलचा खर्च वाचेल. शाबूत निघाले नाही, तर मोझॅक आणि त्याखालचा मसाला काढून, जुन्या स्कर्टिंगच्या खालच्या रेषेवरून लेव्हल पाईपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) भिंतीवर खूण करून, त्याच लेव्हलला मॅट टाइल बसवावी. जिन्याकडच्या कडेला १८ मिमीची ग्रॅनाइट पट्टी गोल कड करून द्यावी. काम संपल्यावर सोळाही चढ आमच्यासमोर मोजावेत. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आम्ही स्वीकारणार नाही.

त्यानंतर दाराच्या खाली १८ मिमीची सागवानी पट्टी पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने आणि स्क्रूने बसवून तळासकट सगळे पॉलिश करावे. पायऱ्यांतले गज पृष्ठभागाखाली १५ मिमीपर्यंत कापून खड्डे इपॉक्सीने भरावेत. शेवटी खऱ्या ३०४ चे रेलिंग अँकर फास्टनरवर बसवून जोड साफ व पॉलिश करून द्यावेत. ३०४ परवडत नसेल तर लोखंडी पाईपचे रेलिंग, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइलपेंट करून द्यावे आणि दरातला फरक परत करावा. २०२ मात्र नको. न केलेल्या तोडफोडीचे ₹४,५०० बिलातून वजा करावेत.

लँडिंग बंद झाले की घर दोन भागांत तुटते. म्हणून काम अर्ध्या-अर्ध्या रुंदीत करावे आणि चालण्यासाठी दोन फुटांची वाट रोज मोकळी ठेवावी.

२७ ऑगस्टला गणेशचतुर्थी आहे. मूर्ती याच दारातून येते आणि याच जिन्याने वर हॉलमध्ये जाते. दोन्ही हातांत पाट धरलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. त्या दिवशी पहिला चढ १४७ आणि दुसरा १६५ असलेला जिना आम्हाला चालणार नाही. त्यामुळे सगळे काम १५ ऑगस्टपर्यंत पूर्ण झाले पाहिजे आणि त्यासाठी पाहणीची तारीख हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कळवावी.

तोपर्यंत उरलेले ₹१८,००० आम्ही देणार नाही. सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. कोटेशन व पावत्यांच्या प्रती, सोळा चढांच्या मापांचा तक्ता, लँडिंगच्या कडेचे टेप लावून काढलेले फोटो आणि पाईपच्या चाचणीचा व्हिडिओ असलेला पेनड्राइव्ह सोबत जोडला आहे.

आपले विश्वासू,
(ग्राहक)